कंपाउंड चिकटलं, रोग हलला नाही

प्रिय मुक्ते,

किती महिने झाले लिहून, चिडली असशील तर चीड, पण पत्र शेवटपर्यंत वाच. तब्येत बरी, पाठ मधूनमधून धरते, बाकी ठीक. लिहितेय कारण काल जे झालं ते घरी सांगून कुणाला कळायचं नाही आणि लॅबमध्ये मोकळं बोलायची सोय नाही.

आमचं ते फायब्रोसिसचं, म्हणजे फुफ्फुसात व्रण साचून ती ताठ होतात त्या आजाराचं, कंपाउंड. जनरेटिव्ह एआय मॉडेलने सुचवलेल्या ढिगातून निवडलेलं, सिंथेसिस सरळ झालं, आमचं टार्गेट, म्हणजे ज्याला औषधाने धरायचं, त्या एन्झाइमवर नॅनोमोलरमध्ये, अगदी थोड्या मात्रेत आलं, आणि क्रिस्टल स्ट्रक्चर बघितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच, रेणू प्रोटीनमध्ये कसा बसेल याची मॉडेलने आधी दाखवलेली पोझ आणि खरी पोझ एकावर एक ठेवली तर फरक शोधावा लागत होता. आपण रात्र-रात्र कॉम्प्युटरवर डॉकिंग करायचो तेव्हा असं एकदा तरी दिसलं असतं तर तू सगळ्या मजल्याला जागं केलं असतंस.

काल पेशंटच्या फायब्रोब्लास्टवरची, म्हणजे व्रण विणणाऱ्या पेशींवरची, प्लेट आली. 384 वेल, म्हणजे खळगे, टीजीएफ-बीटा हे व्रणाचा इशारा देणारं प्रोटीन घालून पेशी चेतवलेल्या, चेतलेल्या पेशीत दोऱ्यांसारखं दिसणारं अल्फा-स्मूथ मसल अ‍ॅक्टिन हिरवं रंगवलेलं. पॉझिटिव्ह कंट्रोलच्या, म्हणजे हमखास चालणाऱ्या औषधाच्या, रांगा जवळजवळ काळ्या, म्हणजे चाचणी नीट चाललीय. आणि आमच्या रांगांमध्ये ते हिरवे दोरे जसेच्या तसे, जाड, ताठ, औषधाविना नुसत्या डीएमएसओ या द्रावकाच्या वेलशेजारी ठेवले तर कुठलं कुठलं ते सांगता येणार नाही. सगळ्या डोसला तेच. वाटलं पेशीत शिरतच नसेल, पण सेटसा केलंय, म्हणजे पेशी तापवून प्रोटीन टिकतं का ते बघायचं, एरवी ज्या तापमानाला आमचं प्रोटीन गोळा होऊन खाली बसतं तिथे ते कंपाउंड असलं की टिकून राहतं. म्हणजे आत जातंय, ज्याला धरायचं त्याला धरतंय, आणि रोगाला त्याचं सोयरसुतक नाही!

मुक्ते, केमिस्ट्री हरली असती तर मला एवढं लागलं नसतं. इथे केमिस्ट्री जिंकली आणि तरी काही झालं नाही.

मीटिंगमध्ये लगेच ठरलं की मॉडेलकडून पुढची बॅच घेऊ, अ‍ॅफिनिटी, म्हणजे पकड, अजून वाढवू. कशासाठी? पेशी ओरडून सांगतेय की प्रश्न तो नाहीच. आमचं टार्गेट निवडलं कशावरून, तर आजारी फुफ्फुसात त्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. घराला आग लागली की तिथे बंब दिसतोच, म्हणून काय बंबाने आग लावली? माणसाच्या जेनेटिक्सचा आधार असलेलं टार्गेट असेल तर औषध पार पडायची शक्यता कितीतरी जास्त, 2024 च्या नेचरच्या पेपरात 2.6 पट आली होती. पीसीएसके9 या कोलेस्टेरॉलच्या जीनचंच घे ना, ज्यांच्यात ते जीन जन्मतःच बंद आहे त्यांचं कोलेस्टेरॉल कमी, हार्ट अटॅक कमी, आणि माणसं ठणठणीत. निसर्गाने ट्रायल आधीच करून ठेवली होती, 2003 ला जीनचा संबंध कळला आणि 2015 ला औषधं बाजारात. आमच्या टार्गेटबाबत असं काहीच हातात नाही, हे मी बोलले तर खोली गप्प.

आता तू म्हणशील मी कधीपासून सांगतेय, टार्गेट न ठरवता आधी अख्ख्या पेशीवर बघा. हो, तुझं टीबीचं बेडाक्विलीन मला पाठ आहे, अख्ख्या जिवंत जंतूवर कंपाउंडं टाकत गेले, जंतू कशाने मरतो ते मागाहून रेझिस्टंट म्युटंट वाचून कळलं, त्याचं ऊर्जा बनवणारं एन्झाइम, एटीपी सिंथेस. पण मी माझं रक्ताच्या कॅन्सरचं इमॅटिनिब सोडणार नाही हं! तिथे बीसीआर-एबीएल हे बिघडलेलं प्रोटीनच रोगाचं मूळ होतं, म्हणून त्याला धरल्यावर रोग हलला. आणि केरास, ते कॅन्सरमधलं प्रोटीन? तीस वर्षं सगळे म्हणत होते याला धरायला जागाच नाही, 2013 ला शोकाटच्या ग्रुपला खाच सापडली आणि 2021 ला सोटोरासिब हे औषध आलं. तेव्हा टार्गेटपासून सुरुवात करण्यात वाईट काही नाही, ते टार्गेट रोगाचं असायला हवं एवढंच. त्या पोस्टर सेशनला तू माझ्यावर मार्कर उगारला होतास आणि बाप्याने मधे हात घालून आपल्या शर्टावर रेघ ओढून घेतली, ती भांडणं आज परत करायला मी एका पायावर तयार आहे.

खरी भीती पुढची आहे. हे कंपाउंड उंदरात जाईल आणि तिथे चालेलसुद्धा. ब्लिओमायसिन देऊन फुफ्फुसात व्रण केलेला उंदीर तुला माहितीये, तरुण उंदराचं फायब्रोसिस बऱ्याचदा आपोआपच भरून येतं. मग सुंदर ग्राफ निघतील आणि हे माणसांपर्यंत जाईल. झिरिटॅक्सेस्टॅट या फायब्रोसिसच्या औषधाचं काय झालं, 23 पेशंटच्या छोट्या ट्रायलमध्ये आशा दिसली, मोठ्या फेज 3 ट्रायल 2021 मध्ये थांबवाव्या लागल्या. श्वास न पुरणाऱ्या माणसांना आपण काय देतोय, याची मला रात्री झोप येत नाही.

कारण आपले शिक्षक देव सर, त्यांनाही हाच आजार. त्यांना आता रात्रीही ऑक्सिजन लागतो. दर फोनला विचारतात, तुमचं कंपाउंड कुठवर आलं गं, आणि त्यांना आकडे हवे असतात, धीर नको. रेंटोसेर्टिब या फायब्रोसिसच्याच नव्या औषधाचा पेपर त्यांनी माझ्या आधी वाचला, टार्गेटही एआयने शोधलेलं आणि रेणूही, 12 आठवड्यांत वरच्या डोसला एफव्हीसी, म्हणजे एका दमात सोडता येणारी हवा, सरासरी 98.4 मिली वाढली, प्लासिबोवाल्यांची 20.3 ने घटली. मी म्हटलं सर, 71 च पेशंट आहेत. ते म्हणाले, माहितीये, पण दिशा बघ. कालचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, सांगणार मात्र आहे, सरांपासून रिझल्ट लपवायचा नसतो हे आपल्याला त्यांनीच शिकवलं.

तुझी पोस्टिंग कायम झाली का? सुलू म्हणाली ऑर्गन-चिपचं काम तुझ्याकडे आलंय, खूप आनंद झाला, सविस्तर कळव. आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? लेकीला माझा पापा.

आता कामाचं. मंगळवारी परत मीटिंग आहे आणि मी दोन गोष्टी मागणार आहे, याच फायब्रोब्लास्टवर क्रिस्पर स्क्रीन, म्हणजे कुठलं जीन बंद केलं की ते हिरवे दोरे जातात हे आधी कळेल, आणि आमच्या कंपाउंडांच्या लायब्ररीवर सेल पेंटिंग, म्हणजे पेशीचे भाग वेगवेगळे रंगवून काय बदललं ते बघायचं. तुझा सहा डायचा प्रोटोकॉल पाठव, प्रायमरी पेशींना तू सीडिंग डेन्सिटी किती ठेवतेस तेही लिही, आमच्या पेशी दाट झाल्या की आपोआपच चेततात. सोमवारपर्यंत पाठव, आणि सरांना फोन कर, तुझी वाट बघतात.

तुझी,
निशा