कोडिंग न येता संगणक शाखेत आलेल्यांची धास्ती

संपादक महोदय,

केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, की आनंद ओसरण्याआधीच अनेक घरांत काळजी सुरू होते. आपल्या मुलीने बारावीपर्यंत एकही प्रोग्राम लिहिलेला नाही, वर्गातली काही मुले मात्र आठवीपासून कोडिंग शिकून आलेली आहेत. मग चार वर्षांनी कॅम्पसमध्ये तिचा निभाव कसा लागणार? पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवणारा शिक्षक या नात्याने हा प्रश्न मला दर जुलै-ऑगस्टमध्ये ऐकावा लागतो, आणि ‘काळजी करू नका’ एवढेच सांगून पालकांची बोळवण करणे मला पटत नाही.

मुळात ही मुले कोरी का येतात? राज्य मंडळाच्या बारावीत संगणकशास्त्र हा 200 गुणांचा बायफोकल (ऐच्छिक, व्यवसायाभिमुख) विषय आहे, पण तो सगळीकडे शिकवला जात नाही आणि जिथे आहे तिथेही जागा मोजक्याच असतात. अभियांत्रिकीच्या सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित एवढेच तपासले जाते. म्हणजे ज्या व्यवस्थेने प्रवेश देताना प्रोग्रामिंग मागितलेलेच नाही, तिच्याच वर्गात पहिल्या महिन्यात ‘एवढे तर येतच असेल’ असे गृहीत धरून पुढे जाणे हा या मुलांवर सरळ अन्याय आहे.

पूर्वानुभवाचे महत्त्व किती, याचा अभ्यास अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात झालेला आहे. जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांना तिथे असे आढळले, की आधीपासून प्रोग्रामिंग येणाऱ्यांना सुरुवातीला पुढे असल्याचा लाभ मिळतो, पण शेवटी कोण यशस्वी होईल हे त्यावरून ठरत नाही. विद्यापीठाने प्रवेशाच्या निकषांतून पूर्वानुभवाचे वजन काढले, पहिल्या वर्षात अनुभवानुसार वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करण्याची सोय केली आणि संगणकशास्त्रात प्रवेश घेणाऱ्या मुलींचे प्रमाण 1995 मधील 7 टक्क्यांवरून 2000 मध्ये 42 टक्क्यांवर गेले. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे हे मान्य करूनही, तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलामुलींसाठी यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

नोकऱ्यांबाबतची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. टीसीएससारख्या कंपनीने जुलै 2025 मध्ये सुमारे 12 हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले तेव्हा पालकांचे फोन आले. ती कपात प्रामुख्याने मधल्या आणि वरिष्ठ फळीतली होती, हा तपशील मात्र फार थोड्यांनी वाचला होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, 2018 मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी 2022 मध्ये बाहेर पडली तेव्हा हीच कंपनी वर्षाला एक लाख नवपदवीधर घेत होती, आणि 2020 मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी 2024 मध्ये बाहेर पडली तेव्हा त्याच कंपनीची एकूण कर्मचारीसंख्या वर्षभरात 13 हजारांहून अधिक घटलेली होती. प्रवेशाच्या दिवशीचे वृत्तपत्र वाचून यातले काहीही कोणाला सांगता आले नसते. शिवाय याच मोठ्या कंपन्या मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या पदवीधरांनाही घेतात आणि काही महिने प्रशिक्षण देऊन कामाला लावतात. बाविसाव्या वर्षी शिकायला लागलेला माणूस त्यांना चालत असेल, तर अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याने उशीर झाला असे का मानावे?

मला खरा धोका दुसरीकडे दिसतो. या भीतीपोटी पहिल्याच सत्रात हजारो रुपयांचे क्लास लावले जातात. वर्गात मागे पडल्याची लाज वाटणारा विद्यार्थी चॅटजीपीटीकडून प्रोग्राम लिहून घेतो, जर्नल वेळेत पूर्ण करतो आणि ओरलला एका लूपचा अर्थ विचारला की गप्प होतो. सवय एकदा लागली की तिसऱ्या वर्षापर्यंत उघडकीस येत नाही, आणि उघडकीस येते तेव्हा कंपनीची परीक्षा तोंडावर आलेली असते. जे क्लासमध्ये विकत मिळते त्यातले बरेचसे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात विनामूल्य उपलब्ध आहे, त्यातले कितीतरी पाठ मराठीतही आहेत; पण ते समोर ठेवून मशीनवर रोज स्वतः चुकत-दुरुस्त करत बसायला प्रयोगशाळा हवी. घरी लॅपटॉप नसलेल्या मुलाला महाविद्यालयाची प्रयोगशाळा सायंकाळी पाचला बंद झालेली परवडत नाही.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2024-25 पासून चांगल्या संस्थांसाठी शाखानिहाय जागांवरील कमाल मर्यादा उठवल्यानंतर या गोष्टींची निकड वाढली आहे. जागा वाढवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने पहिल्या सत्रात नवशिक्यांसाठी प्रोग्रामिंगची स्वतंत्र तुकडी ठेवावी, प्रयोगशाळा रात्री आठपर्यंत उघडी ठेवावी, आणि प्लेसमेंटच्या फलकावर एकाच विद्यार्थ्याच्या सर्वोच्च पॅकेजऐवजी किती जण पात्र होते, किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळाला तो) किती होता हे छापावे. स्वायत्त महाविद्यालयांना यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. संलग्न महाविद्यालयांतही पहिल्या दोन बाबी वेळापत्रकात बसवता येतात, आणि त्या याच सत्रापासून व्हाव्यात, अशी माझी विद्यापीठांना व संस्थाचालकांना विनंती आहे.

– एक प्राध्यापक, सोलापूर