चार वाजता सुरू होणारी रात्र

नाशिक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. जानेवारीअखेर तू, वहिनी आणि काका दोन मुक्कामांना येताय आणि ‘रात्रीचं काय काय असतं ते सविस्तर लिही’ म्हणतोस. उपराजधानीतला माणूस वाईनच्या राजधानीत येणार म्हटल्यावर हे विचारणारच. पण मुंबईसारखं बाराला बाहेर पडून पहाटे परतायचं, हे डोक्यातून काढ. साडेदहा-अकराला इथली स्वयंपाकघरं आवरायला लागतात. नाशिकची रात्र दुपारी चारला सुरू होते. हे ज्याला कळत नाही तो आठला अंघोळ करून, सेंट मारून खाली उतरतो आणि ‘तुमच्या गावात काही नाही बुवा’ म्हणत झोपतो.

आधी तारखा. २६ जानेवारीची सुट्टी जोडून येऊ नकोस. त्या दिवशी ड्राय डे, आणि मागचापुढचा शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी भरलेला. बुधवार-गुरुवार धर. खोलीही स्वस्त पडेल. हॉटेल कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या बाजूला घे. नाशिकरोड स्टेशनजवळ घेतलंस तर गाव नऊ-दहा किलोमीटर लांब राहतं आणि रात्री परतताना रिक्षावाला मीटरचं नाव काढत नाही.

पहिली संध्याकाळ द्राक्षमळ्यात. सुला गंगापूर धरणाच्या बाजूला, गावापासून अर्ध्या तासावर. १९९९ साली सुरू झालेली ही वायनरी सगळ्यांना माहीत, म्हणून गर्दीही तिथंच. यॉर्क आणि सोमा त्याच अंगाला आहेत, तिथं जरा निवांत बसता येतं. वलोने आणि ग्रोव्हर झाम्पा चांगल्या आहेत, पण त्या इगतपुरी तालुक्यात, पार दुसऱ्या दिशेला. त्या याच संध्याकाळी गुंफायला गेलास तर वेळ गाडीतच जाईल. त्यांना परतीच्या वाटेवर दुपार दे.

फोन करून चारची टेस्टिंग, म्हणजे वाईन चाखायची बैठक, ठरव. प्रवेशशुल्क आहे का आणि त्यातलं किती खाण्यापिण्यात वळतं होतं, हे तेव्हाच विचार. चारच का, तर साधारण साडेसहाला सूर्य मावळतो. टेस्टिंग आणि टाक्या-पिंपांची फेरी आटोपून उजेड असतानाच बाहेरचं टेबल गाठायचं. साडेसहानंतर पोचणाऱ्याला वेलीही दिसत नाहीत आणि खुर्चीही मिळत नाही.

द्राक्षतोडीचा हंगाम जानेवारी ते मार्च, त्यामुळे तुला वेलीवर घड दिसतील. मे महिन्यात येणारे मळा बघून हिरमुसतात. एप्रिलात वेलींची खरड, म्हणजे खोलवर, छाटणी झालेली असते, घड धरतात ते पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर.

टेस्टिंगमध्ये एकेक वाईन साधारण ३० मिली ओततात. क्रम ठरलेला: आधी फसफसणारी, मग पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, लाल आणि शेवटी गोड. उलटं केलं तर लाल वाईनच्या तुरटपणानं जीभ आखडते आणि नंतरची पांढरी पाण्यासारखी लागते. ग्लास दांडीला धर. वाटीला तळवा लावलास की थंड वाईन पाच मिनिटांत कोमट होते. आधी वास, मग छोटा घोट तोंडभर फिरवून गिळायचा. नको असेल ती शेजारच्या भांड्यात ओत, कुणी नावं ठेवत नाही. नवख्या जिभेला शेनँ ब्लाँ ही पांढरी वाईन सोपी जाते. शिराझ या लाल वाईनचा पहिला घोट घेऊन काका ‘कच्चं जांभूळ आहे’ म्हणतील, आणि ते अगदीच चूक नसेल!

घोळ होतो तो तीन कारणांनी. एक, रिकामं पोट. दोन, अंगावरचं अत्तर, त्यात ग्लासातला वास मरतो. तीन, मिसळ. सावजी पचवणाऱ्या तुला इथली काळ्या मसाल्याची मिसळ तिखट लागायची नाही, पण तर्री जिभेवर असताना वर वाईन घेतलीस की नुसती आग होते आणि चव कळत नाही. मिसळ सकाळी नऊला खा, दुपारी वरण-भात. चार-पाच टेस्टिंग मिळून जेमतेम एक ग्लास होतो, त्यामुळे माणसाला वाटतं काही झालंच नाही, आणि मग ७५० मिलीची बाटली मागवतो. त्या बाटलीत पाच ग्लास असतात, हे मागवतानाच लक्षात ठेव.

गाडी स्वतः चालवू नकोस. कायद्याची मर्यादा रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे. जाताना ॲपवरची टॅक्सी मिळते. खरी अडचण येताना. साडेआठला मळ्याच्या फाटकाशी उभं राहून फोन दाबत बसलेली माणसं दर शनिवारी दिसतात. म्हणून थांबणारी गाडी ठरव, चार ते नऊ, पैसे आधी बोलून. आणि स्वेटर घे. नागपूरकरांना थंडी नवी नाही, पण धरणावरून वारा सुटला की उघड्यावरचं टेबल सोडावंसं वाटतं.

कॉलेज रोडच्या गच्चीवरच्या लाउंजबद्दल दोनच ओळी. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी, त्यामुळे नेमकं रंगात आलं की गाणी बंद. जायचंच तर साडेसातला जा. नाहीतर त्या रस्त्यावर ज्यूस पीत तरुण मंडळी बघणं जास्त करमणुकीचं.

दुसरी संध्याकाळ काकांची. साडेपाचला रिक्षानं मालेगाव स्टँडला उतरा आणि चालत रामकुंडावर जा. गाडी आत घालू नकोस. गल्ल्या अरुंद आणि सिंहस्थाच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी बंद असेल त्याचा नेम नाही. गोदाआरतीच्या अर्धा तास आधी पायरी धरली तर बसायला मिळतं. पाण्यालगतच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असतं, काकांना वरच बसव. आरतीनंतर लगेच उठू नका. घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघा. पावसाळ्यात पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, यावर अख्खं गाव पूर मोजतं. आत्ता तो पायापर्यंत मोकळा दिसेल. नारोशंकराच्या देवळावरची मोठी घंटाही दाखव. ती पोर्तुगीज आहे, वसई जिंकल्यानंतर इथं आली.

घाटावरून शालिमारला या. महाकवी कालिदास कलामंदिरात नाटक असेल तर चुकवू नका. प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारीच असतात, तेव्हा तू मुक्काम बुधवार-गुरुवारवरून शुक्रवार-शनिवारवर नेणार असशील तर पहिल्या दिवशी मळा आणि शनिवारी नाटक, असंच लाव. जाहिरात वर्तमानपत्रात येते, तिकीट खिडकीवर किंवा बुकमायशोवर. रात्री साडेनऊचा प्रयोग बारानंतर सुटतो आणि तेव्हा जेवण मिळण्याची आशा नको. आठला जेवूनच आत जा. अगदीच भूक लागली तर बसस्टँड आणि स्टेशनच्या आसपास चहा-बिस्कीट मिळेल, तेवढ्यावर भागवा.

काकांना दोन्ही दिवस फिरणं जमणार नसलं तरी मळ्याच्या दिवशी त्यांना हॉटेलवर एकटं ठेवू नका, त्यांनाही न्या. वायनरीत साधं जेवण आणि कॉफी मिळते, आणि प्यायलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाही.

चिवडा निघायच्या दिवशी सकाळी घ्या, आदल्या रात्री नको. दुकानं लवकर मिटतात. बाटल्या कपड्यांत गुंडाळून, उभ्या नाही, आडव्या ठेव. गाडीचा दिवस नक्की झाला की कळव, म्हणजे मी टेस्टिंगला फोन करून ठेवतो.

तुझा,
नाशिककर