चष्म्यांच्या संग्रहालयातल्या त्या दोघांचे आभार
आईला घेऊन चष्म्यांचं ते छोटंसं संग्रहालय पाहायला गेलो होतो. मोतीबिंदूमुळे तिला काचेमागचं धड दिसेना. तिथल्या ताईंनी ते न सांगता ओळखलं. खुर्ची दिली, दिवा वळवला आणि एका जुन्या चष्म्याची प्रतिकृती थेट तिच्या हातात ठेवली. खिळ्याने जोडलेली दोन भिंगं, काड्या नाहीतच! आई ती नाकावर धरून कितीतरी वेळ बसली होती. असे चष्मे १३व्या शतकाच्या अखेरीस इटलीत आले. कानावरच्या काड्यांना पुढे चारशेहून अधिक वर्षं लागली. डोळ्याच्या आतला पडदा दाखवणारं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचं १८५१ सालचं उपकरण एका काकांनी तिला न कंटाळता दोनदा समजावलं. तुमची नावं विचारायची राहिली. ताई, काका, तुमचे मनापासून आभार. आई रोज तुमची आठवण काढते.