विषय: रिस्टोरेशनला दिलेला जुना रंधा बिघडवून परत पाठवल्याबद्दल तक्रार

नमस्कार,

तुमच्या कस्टमर केअरशी चॅटवर बोलून झालंय, तिथून "अँटिक वस्तू आहे सर, थोडं एकोणीस-वीस होणारच" असं उत्तर आलं आणि माझी तक्रार परस्पर क्लोज केली. म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवतोय, आणि प्लीज हे अशा माणसाला वाचायला द्या ज्याने आयुष्यात एकदा तरी रंधा मारलाय.

मी दिलेला रंधा म्हणजे स्टॅनली कंपनीचा ५ नंबर, जॅक प्लेन. फ्रॉगच्या (पातं ज्यावर टेकतं तो तिरका भाग) मागे बॉडीवर तीन पेटंट तारखा ओतलेल्या आहेत, २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१०, म्हणजे जुने रंधे जमवणारे ज्याला टाइप ११ म्हणतात तो, साधारण १९१० ते १९१८ मधला. ऑर्डर फॉर्मवर मी काम लिहून दिलं होतं: गंज काढा, मागच्या मुठीचं तुटलेलं टोक रोजवूडचाच तुकडा जोडून नीट करा, पात्याला धार लावा, आणि मूळचं काळं जपानिंग (भट्टीत भाजलेला लेप) जेवढं शिल्लक आहे तेवढं तसंच राहू द्या, रंगवू नका. "रंगवू नका" खाली रेघसुद्धा मारली होती.

आणि परत काय आलं तर चकचकीत काळा स्प्रे पेंट मारलेला रंधा. जपानिंग म्हणजे नुसता काळा रंग असतो असं तुमच्या वर्कशॉपला वाटतंय का? अस्फाल्टम, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं मिश्रण लावून ते भट्टीत भाजलेलं असतं, शंभर वर्षं टिकलं होतं ते, तुमचा रंग आत्ताच नखाने निघतोय. त्या जाड थराखाली पेटंटच्या तारखा पण भरून गेल्यात, आता टॉर्च तिरका धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. बरं दिसण्याचं जाऊ दे, पण फ्रॉग बॉडीवर जिथे बसतो ती मशीनिंग केलेली जागासुद्धा रंगवलीये! ती जागा मुद्दाम उघडी ठेवलेली असते कारण तिथे लोखंडाला लोखंड घट्ट टेकायला पाहिजे. आता फ्रॉग रंगाच्या थरावर बसलाय, त्यामुळे जरा कडक लाकूड आलं की पातं थरथरतं आणि लाकडावर लाटा उठतात. ज्याने हे केलं त्याने रंधा खोलला होता का, की सगळं जोडलेलंच ठेवून मास्किंग टेप न लावता फवारा मारला, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. लिव्हर कॅप, म्हणजे पातं वरून दाबून धरणारा तुकडा, माझी नाहीये. माझी कॅप साधी होती, काही नाव नाही, आणि स्क्रूचं भोक जुन्या चावीच्या भोकासारखं. तुम्ही लावलेल्या कॅपवर मोठ्या अक्षरात स्टॅनली लिहिलंय आणि भोक मूत्रपिंडाच्या आकाराचं आहे, तसं भोक स्टॅनलीने १९३३ पासून सुरू केलं. १९१८ च्या आधीच्या रंध्यावर १९३३ नंतरची कॅप आपोआप उगवत नाही ना! तुमच्याच लोकांनी पार्सल उघडताना काढलेले फोटो मला मेलवर आले होते, त्यात माझी कॅप स्वच्छ दिसतेय, फोटो सोबत जोडलेत. कॅपचा स्क्रू पण बदललाय. मूळ स्क्रू ९/३२ इंची, इंचाला २४ आटे, असा आटा साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतच नाही, म्हणून तुमच्या माणसाने ७ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू आत दामटलाय. थोडा जातो आणि अडकतो. फ्रॉगमधले आटे किती खराब झालेत ते बघायला मी तो जबरदस्तीने फिरवलेला नाही, ते तुम्ही बघा.

पात्याबद्दल तर बोलायलाच नको. धार लावली म्हणे, पण धारेच्या कडेला बोटभर रुंद निळा पट्टा आहे. साधं कार्बन स्टील ३०० डिग्रीच्या आसपास गेलं की असं निळं पडतं, म्हणजे कोरड्या ग्राइंडरवर दाबून धरलं, मधे मधे पाण्यात बुडवलं नाही. पाणी उतरलंय पात्याचं. पहिल्या दोन-चार सालींपर्यंत बरं चालतं आणि गाठ आली की धार मुडपते. निळा भाग घासून टाकायचा म्हटलं तर पातं तेवढं आखूड होणार, आणि जुनं पातं, त्यात उरलेलं असतं तरी किती. वर बफिंग करून पात्यावरचा जुना शिक्कापण जवळजवळ पुसून टाकलात.

तळ बेल्ट सँडरवर घासलाय हे रेषांवरून कळतं. जॅक प्लेनचा तळ आरशासारखा सपाट पाहिजे असा माझा हट्ट नाही, तो मुळात जाडं काम करायचा रंधा. पण पुढचं टोक, तोंडाच्या पुढची कड आणि मागचं टोक एवढं तरी एका पातळीत हवं की नको? इथे मधे फुगवटा आहे, काचेवर ठेवला की झोपाळ्यासारखा हलतो, दोन्ही टोकांखाली ०.१ मिलिमीटरची फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आरामात जाते. आलेला गंजलेला रंधा यापेक्षा सरळ होता.

मुठीचं टोक लांबी (पुट्टी) भरून बनवलंय. लाकूड जोडलेलंच नाही. त्यावर तपकिरी रंग मारून पॉलियुरेथेन फासलंय, आणि बिलात मात्र "मूठ दुरुस्ती, रोजवूड" अशी वेगळी लाइन लावलीये. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तर मला पाहिजे ते असं. माझी मूळ लिव्हर कॅप आणि मूळ स्क्रू शोधून परत करा, ते दुसऱ्या कुणाच्या रंध्यावर बसवले असतील तर तिथून काढून आणा. रिस्टोरेशनचे पूर्ण पैसे परत, मुठीच्या खोट्या लाइनसकट, आणि दोन्ही बाजूंचा कुरिअर खर्च. पात्याच्या बदल्यात त्याच काळातलं, त्याच शिक्क्याचं, भरपूर लांबी उरलेलं पातं द्या, नाहीतर त्याची किंमत द्या. "आम्ही पुन्हा फ्री सर्व्हिस करून देतो" ही चॅटवरची ऑफर मला नकोय, जपानिंग आणि घासून गेलेलं बीड (ओतीव लोखंड) काही परत येणार नाही आणि त्याच वर्कशॉपमध्ये हा रंधा मी पुन्हा पाठवणार नाही.

तुम्हाला तपासायचंच असेल तर व्हिडिओ कॉल करा, मी समोर खोलून, गेज लावून दाखवतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर हेच पत्र, फोटो आणि बिल घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाईन. आणि तुमची लावलेली कॅप माझ्याकडे जपून ठेवलीये, ती ज्याची असेल तोही बिचारा शोधत असेल, माझी कॅप आली की लगेच पाठवतो.

कळावे,
तुमचा एक वैतागलेला ग्राहक

सोबत: पार्सल उघडतानाचे तुमचे फोटो, आत्ताचे फोटो, बिल आणि ऑर्डर फॉर्मची कॉपी