राणीछाप मोडण्याआधी

कोल्हापूर

चिरंजीव बाळास,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेच्या दुपारी तू ताटावरून उठलास आणि संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघून गेलास, त्याला आज 11 दिवस झाले. फोनवर आपण जेवण झालं का, थंडी पडली का, एवढंच बोलतो. म्हणून लिहायला बसलो. नोकरीबद्दल या पत्रात काही विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे. फक्त चांदीबद्दल, आजीच्या डब्यातल्या जुन्या, राजा-राणीच्या छापाच्या चांदीच्या रुपयांबद्दल लिहितो.

तू म्हणालास, "आप्पा, हे रुपये नुसते डब्यात पडून आहेत. गुजरीतल्या सराफाकडे मोडून टाकू आणि 999 ची, चोख चांदीची नाणी घेऊ, हिशेब सरळ राहील." मी "हात लावायचा नाही" एवढंच म्हणालो, तेही ओरडून, आत्याच्या समोर. 31 वर्षं सराफी पेढीवर तराजूमागे बसलेल्या माणसाने कारण सांगायला हवं होतं. ते आता सांगतो.

काल डबा पुन्हा उतरवला आणि एकेक नाणं काट्यावर ठेवलं. एकूण 41 आहेत. त्यातले 37 जुन्या कसाचे. हा रुपया जुन्या तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, आणि त्यात 12 भागांपैकी 11 भाग चांदी. एका रुपयात चोख चांदी 10.69 ग्रॅम. राहिलेले 4 सहाव्या जॉर्जचे, युद्धातले. 1940 मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, ते हे. त्यांची कड बघ, दातऱ्यांच्या मधोमध एक खाच जाते आणि तिच्यात नक्षी आहे. जुन्या रुपयाच्या कडेला नुसते सरळ दातरे असतात. सगळं मिळून चोख चांदी 419 ग्रॅमच्या आसपास भरते. तू मोबाइलवर हाच आकडा काढला होतास. तुझं गणित बरोबर होतं, ते मी त्या वेळी बोललो नाही.

पण काउंटरवर त्या 419 चे पैसे मिळत नाहीत. समोरचा माणूस म्हणतो जुना माल आहे, टंच, म्हणजे चांदीचा कस, कमी धरतो, आटणीत, म्हणजे वितळवताना, घट जाते. त्यात आजचा तोळा 10 ग्रॅमचा. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला "41 रुपये म्हणजे 41 तोळे" असं पटकन सांगून टाकलं की तिथेच 68 ग्रॅम गेले. मी हे होताना डोळ्यांनी पाहिलंय, नेहमी गरजवंताच्याच बाबतीत. आणि मग त्याच पैशाचं 999 चं नाणं घ्यायचं म्हटलं की त्यावर मजुरी आणि 3 टक्के जीएसटी. विकताना ती मजुरी कुणी परत देत नाही, जीएसटीही नाही. म्हणजे देताना कमी आणि घेताना जास्त. जे आधीच घरात चांदी म्हणून आहे त्याची पुन्हा चांदीच करायला एवढं घालवायचं कशाला?

याचा अर्थ नवीन पैसे जुन्या रुपयांत घाल असंही मी म्हणत नाही. दर महिन्याला तू प्लास्टिकच्या पाकिटातलं 20 ग्रॅमचं नाणं घेतोस. लहान नाण्याला ग्रॅममागे मजुरी जास्त पडते. ते साठवण्यापेक्षा चार-पाच महिने थांबून 100 ग्रॅमचं एकदम घे, साधं, चित्र नसलेलं. बिल जपून ठेव. 24 महिन्यांनंतर विकलंस तर नफ्यावर कर साडेबारा टक्के लागतो, आणि घेतल्याची किंमत दाखवायला बिलच लागतं. गहाण ठेवायची वेळ आली, ती येऊ नये, तर रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये काढलेल्या नियमांत विटेवर किंवा बिस्किटावर कर्ज नाही. दागिन्यांवर आहे आणि नाण्यांवर आहे, पण चांदीची नाणी एका माणसाची 500 ग्रॅमपर्यंतच. म्हणून सगळं विटेत घालू नकोस.

गहाणाचा विषय मी उगाच काढला. तुला गरज आहे असं मला म्हणायचं नव्हतं.

राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला चांदीचा रुपया, विकत घ्यायचीच असेल तर धातूच्या भावाला मिळते तेवढीच घे. "दुर्मीळ आहे, 1862 चा आहे" असं कुणी सांगितलं तर भुलू नकोस. टांकसाळीने 1862 हे साल पुढे 1874 पर्यंत तसंच ठेवलं, म्हणून त्या सालाचे रुपये ढिगाने आहेत. आणि खोटे फार आलेत. खिशात छोटा काटा ठेव. 11.66 पेक्षा थोडा कमी चालेल, झिजलेला असतो. जास्त भरला तर मात्र संशय घे. लोहचुंबकाला चिकटला तर विषयच संपला. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि रुपया दोऱ्याने पाण्यात अधांतरी बुडवला तर काट्याने 1.1 ग्रॅमच्या जरा वर दाखवायला हवं. फार जास्त दाखवलं तर आत हलका धातू आहे. आणि सगळ्यात आधी वाजवून बघ. फरशीवर एक हात उंचीवरून टाक. चांदी बराच वेळ गात राहते, ओतलेला खोटा रुपया बद्द वाजून गप्प होतो. तू सात वर्षांचा असताना डोळे बांधून मी तुला ओळखायला लावायचो. दहाच्या दहा बरोबर सांगायचास. पेढीवरचे सगळे काम थांबवून बघायचे आणि मालक तुझ्या हातावर पेढा ठेवायचे.

हे सगळं शिकवण्याच्या सुरात झालं, माझ्या लक्षात येतंय. तुला यातलं निम्मं माहीत असणार. सवय आहे, राग मानू नकोस.

हे रुपये मोडायला मी का तयार होत नाही, ते मात्र तुला माहीत नाही, कारण तुझ्या आजीने ते कधी बोलायला दिलं नाही. डब्यात 41 उरले, मुळात 100 होते. आजीच्या लग्नात तिच्या वडिलांनी मोजून दिलेले, बंदे. 1972 च्या दुष्काळात मी 11 वर्षांचा होतो. आटपाडीला तेव्हा आपल्या विहिरीत खाली उतरून वाटीने पाणी भरत होतो. दादा, तुझे आजोबा, खडी फोडायला जायचे, आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत, घरात मिलोची लाल भाकरी. बैल आधी गेले. मग आजी महिन्यातून एकदा पदराच्या गाठीत पाच-सहा रुपये बांधून सराफाकडे जायला लागली. मला बरोबर न्यायची, हिशेबाला. तो सराफ प्रत्येक रुपया दगडावर वाजवायचा. तिच्या रुपयातला एकही बद्द वाजला नाही, पण प्रत्येक वेळी तो वाजवायचाच, आणि आजी मान खाली घालून उभी राहायची. कट्टा उतरला की मला म्हणायची, "कुणाला सांगू नको." घरी येऊन ती दादांना सांगायची, माहेरून आलेत. कितीतरी महिने दादांना वाटत होतं की मेहुणा पाठवतो.

ते 59 रुपये असे गेले. त्यांनी आम्हाला जगवलं, म्हणून मी त्यांना गेले म्हणत नाही. पण मला त्यातलं वजन आठवत नाही, भाव आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तिने एकटीने केलं आणि कुणाला कळू दिलं नाही.

आता विचारतोच. तू दिवाळीला नऊ दिवस राहिलास आणि लॅपटॉप एकदाही उघडला नाहीस. मागच्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या आरतीला तुझी मीटिंग चालू होती. फोन आला की तू गच्चीवर जायचास. कंपनीचं गळ्यातलं ओळखपत्र तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात असायचं, या वेळी नव्हतं. मी कप्पा उघडला नाही, आईने धुवायचे कपडे काढताना मला दिसलं. तू म्हणतोस बँकेतल्या पैशावर तुझा विश्वास राहिला नाही, म्हणून चांदी घेतोस. पेढीवर मी चांदी घेणारे खूप पाहिले. लग्नासाठी घेणारा वेगळा, भाव चढेल म्हणून घेणारा वेगळा. आणि एक असतो तो दर महिन्याला थोडी घेतो आणि घरी कुणाला सांगत नाही. त्याच्या चेहऱ्यावर मी तुझ्या आजीचा चेहरा बघितलाय.

चूक असेल माझी. चूकच असू दे. तू बारावीला बोर्डात आलास तेव्हा मी पेढीवर पेपर नेला होता आणि दिवसभर तो तराजूशेजारी ठेवला होता. तुझ्यात काही कमी आहे म्हणून विचारत नाही. हिंजवडीत काय चाललंय ते पेपरात रोज येतं, चांगल्या चांगल्या पोरांना दारात उभं करतात.

बाहेर देशी बघतोय असं तू आईला म्हणालास. जायचं झालं तर हे रुपये आठवण म्हणून सामानात टाकू नकोस. 1972 च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याने 100 वर्षांच्या वरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, आणि आपले बहुतेक त्याच्या वरचे आहेत. विमानतळावर तुला कुणी अडवावं हे मला सहन व्हायचं नाही.

अजून एक. आई हे रुपये दर धनत्रयोदशीला दंतमंजन लावून घासायची, म्हणून संग्राहकाच्या दृष्टीने त्यांची किंमत बरीचशी गेली आहे. तिला हे सांगू नकोस. यापुढे मात्र घासायचं नाही आणि रबर तर कधीच गुंडाळायचं नाही, रबरात गंधक असतं, काळा पट्टा कायमचा उठतो. त्यात एक 1911 चा आहे, पाचव्या जॉर्जचा. राजाच्या झग्यावर हत्ती कोरलेला होता, पण त्याची सोंड एवढी आखूड आली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, सरकारने रुपया मागे घेतला आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरला. तो एक मी वेगळ्या कागदात बांधलाय. वजनावर कधीच देऊ नकोस.

राहिले ते तुझेच आहेत. आजी जाताना तुझ्याच नावाने डबा ठेवून गेली, माझ्या नाही. मोडायची खरंच वेळ आली असेल तर मोडू, मी नाही म्हणणार नाही. पण मी बरोबर येईन. टंच माझ्यासमोर काढतील, वजन ग्रॅममध्ये होईल, आणि रुपये दगडावर वाजवायचेच असतील तर मी वाजवून दाखवीन. तू एकट्याने जायचं नाही.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. आत्याने तुझ्या वाटणीच्या करंज्या वेगळ्या काढून ठेवल्यात, मऊ पडतील आता.

फोनवर बोलायला जमत नसेल तर बोलू नकोस. फ्लॅटचा हप्ता महिन्याला किती आहे आणि कुठल्या महिन्यापर्यंत भरलाय, एवढं कागदावर लिहून पाठव.

तुझे आप्पा