मका हाती येईपर्यंत तरी झोंबा सोडू नकोस

सावंतवाडी, जानेवारी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मलावीतल्या या झोंबात काही घडतच नाही, संध्याकाळी सातला गाव चिडीचूप होतं, इथल्या शाळेत आपला उपयोग नाही, म्हणून लिलाँग्वेला बदली मागतेयस. इतक्यात मागू नकोस, असं मला मनापासून वाटतं.

गाव शांत आहे, हे दिवाळीत आले तेव्हा मीही पाहिलं. पण ते ओस पडलेलं नाही. १९७५ पर्यंत मलावीची राजधानी तिथेच होती. ती लिलाँग्वेला गेल्यावरही संसद १९९४ पर्यंत झोंबातच भरायची. आता गावाला धरून आहे ते विद्यापीठ. १९७३ मध्ये ब्लँटायरहून आलेलं चान्सेलर कॉलेज आज मलावी विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं, तरी लोकांच्या तोंडी अजून 'चान्को'च. जॅकरंडाच्या जांभळ्या सड्यावरून वह्या कवटाळून चाललेली ती मुलं आणि त्याच रस्त्यानं पठारावरून लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरणारी माणसं, दोन्ही मला अजून दिसतात.

बाजारातही तसंच. बोटभर वाळवलेल्या उसिपा मासळीचे ढीग, आणि आपल्या पुढची गिऱ्हाईक बाई भाव विचारायच्या आधी 'मुली ब्वांजी?', म्हणजे 'कशा आहात?' म्हणत होती. विक्रेतीनं आपलं बरं असल्याचं सांगून उलट तिची चौकशी केली, मगच मासळीची गोष्ट निघाली. मागे रांग होती, पण कुणी कुरकुरलं नाही. तूही तसंच बोलत जा. घाईत असलीस तरी.

तुझ्या घरमालकीणबाईंनी मला जेवायला बसवलं, तो दिवस मी विसरणार नाही. आधी हातावर पाणी घातलं, मग न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली भोपळ्याच्या पाल्याची भाजी. त्या म्हणाल्या, परदेशी मुलं येतात आणि आमची नावं पाठ होईपर्यंत निघून जातात. तक्रारीच्या सुरात नाही, सहजच. मला मात्र ते लागलं.

वर्गाचं म्हणशील तर शंभरावर मुलं समोर बघून तू हबकलीस, ते स्वाभाविक आहे. १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि पट वर्षभरात १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेला. खोल्या आणि शिक्षक त्या वेगानं वाढणं शक्यच नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी जन्म काढला. बाहेरून कुणी येऊन झकास पाठ घेऊन गेलं की पुढे आठवडाभर वर्गशिक्षिकेला मुलं आवरायची नाहीत. म्हणून फळा तिथल्या बाईंकडेच राहू दे. तू मागच्या बाकांवरच्या मुलांजवळ बस, वह्या तपास, भागाकार अडलेल्या दहाबाराजणांना झाडाखाली घे. बाईंना जे साहित्य हवं असेल ते दोघी मिळून करा, म्हणजे तू परतल्यावरही ते वापरात राहील. मुलांचे फोटो कुठेही टाकू नकोस.

आणि हेच महिने सगळ्यात कठीण असतात गं. गेल्या हंगामाचा मका संपलेला, नवा एप्रिलशिवाय हाती येत नाही. वर्गात पोर पेंगलं तर आळशी समजू नकोस, सकाळपासून पोटात काही नसेल. दोन दिवस दिसलं नाही तर घरचे 'गान्यू'ला, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला गेले असतील आणि धाकटी भावंडं त्याच्यावर टाकली असतील. कुणाकडे काय चाललंय ते बाईंना ठाऊक असतं, त्यांना विचार. तूही आत्ताच निघालीस तर कुठलं पोर का गळलं, हे तुला कधी कळणारच नाही.

मच्छरदाणी नीट खोचून झोप, पावसाळा आहे. पाणी उकळूनच पी. मलेरियाच्या गोळ्या संपत आल्या असतील तर आधी सांग. शनिवारी फोन कर आणि बदलीच्या अर्जाचं काय ठरवलंस ते मला स्पष्ट सांग.

तुझी,
आई