पावडर ओतण्याआधी गाळ तपासा

संपादक महोदय,

आमच्या बाणेरच्या सोसायटीत एसटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेला) वास सुटला, की ठेकेदार ‘कल्चर’ची, म्हणजे जिवाणूंची, पावडर टाकीत ओततो आणि बिल सेक्रेटरींच्या हातात ठेवतो. त्यात कोणते जिवाणू आहेत, ते पाकिटावर छापलेले नसते. विचारले तर ‘इंपोर्टेड माल आहे, काका’ एवढेच उत्तर!

भोसरीतल्या एका कारखान्याच्या सांडपाणी प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली, म्हणून लिहितो. घाण खाणारे कामाचे जिवाणू टाकीतल्या गाळात आधीपासूनच असतात. वीज वाचवायला रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद केला की ते गुदमरतात, बाथरूम धुतलेले ॲसिड आले की मरतात. अमोनियाचे नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनास आणि त्याचे पुढे नायट्रेट करणारे नायट्रोस्पायरा तर फारच सावकाश वाढतात. गाळ वाजवीपेक्षा जास्त उपसला की आधी तेच जातात. मग पावडर ओतून काय होणार?

बीओडीची (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची) चाचणीच 27 अंश तापमानाला 3 दिवस चालते, अहवाल त्यानंतर. गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली मात्र लगेच बोलतो. देठावर डोलणाऱ्या घंटेसारख्या व्हॉर्टिसेला दिसल्या तर सहसा ठीक चालले आहे. तंतुमय जिवाणूंचे जाळे माजले असेल तर गाळ नीट बसणार नाही, पाण्याबरोबर बाहेर पडेल.

डिटर्जंट किंवा औषधांचे अंश तोडणे हे बऱ्याचदा एकट्यादुकट्या जिवाणूचे काम नसते. एकाने अर्धवट तोडलेले दुसरा खातो. यातले बहुतेक प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत, म्हणून गाळातला डीएनए काढून प्रत्येक जिवाणूत असणाऱ्या 16एस जनुकावरून त्यांची ओळख पटवतात. अर्थात हजेरीपटावर नाव आहे म्हणून माणूस काम करतोच असे नाही (नोकरीत हे पुष्कळ पाहिले). तेव्हा कार्बनचा जड प्रकार, कार्बन-13, असलेले प्रदूषक गाळाला खाऊ घालतात. ज्याचा डीएनए जड झाला, त्याच्या पोटात तो कार्बन गेला.

हे कळणारी माणसे पुण्यातच आहेत. एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. महापालिकेने त्यांना सोबत घेऊन भैरोबा नाला, नायडू, बोपोडी इथल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतल्या गाळाची डीएनए तपासणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, दोन्ही वेळा करावी. पावसाचे पाणी मिसळले की सांडपाणी पातळ होते, जिवाणूंची वस्तीही बदलते. सोसायट्यांना एवढे परवडणार नाही. त्यांच्याकडून निदान सूक्ष्मदर्शकाची आठवड्याची नोंद मागावी. आणि पावडर विकणाऱ्याने पाकिटावर जिवाणूंची नावे छापावीत, नाहीतर सोसायट्यांनी बिल देऊ नये.

– एक ज्येष्ठ नागरिक, बाणेर, पुणे